दोन थेंब पुरे: मुंबईच्या घरात इसेन्शिअल ऑइल वापरायची रीत

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीने गवती चहाचं इसेन्शिअल ऑइल थेट मानेला चोळलं. मान अवघडली होती, बाटली नुकतीच आणलेली होती आणि तिचा हिशोब सरळ होता: जो गवती चहा आपण रोज उकळून पितो, तो कातडीला काय करणार? रात्रीपर्यंत मान लालबुंद झाली, सकाळी बारीक फोड आले. त्वचारोगतज्ज्ञांकडे दोन खेपा झाल्या आणि पंधरा दिवस तिला मंगळसूत्र काढून ठेवावं लागलं.

तिला दोष द्यावासा मला वाटत नाही. बाटलीवर 'नॅचरल' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि किती थेंब, कशात मिसळून, हे कुठेच धड सांगितलेलं नसतं. गवती चहाच्या ताज्या पातीत तेल एक टक्काही नसतं. म्हणजे बाटलीतल्या एका थेंबामागे मूठभर पाती असते. चहात आपण दोन-तीन पाती टाकतो, तीही चार कपांत. तिने मानेवर अख्खी जुडी ओतली होती.

गेली काही वर्षं मी ही तेलं रोज वापरते आहे. बोरिवली ते चर्चगेटच्या प्रवासात, आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी आणि झोप लागत नव्हती त्या महिन्यांत. त्यातून जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे. ही तेलं आजार बरा करत नाहीत. पण योग्य प्रमाणात आणि ठरावीक वेळी वापरली, तर थकलेल्या शरीराला आणि चिडलेल्या मनाला खाली उतरायला मदत करतात, आणि मुंबईत दिवसाला तेवढी मदत मिळाली तरी खूप असते.

बाटलीत नक्की असतं काय

नावात 'ऑइल' असलं तरी हे खोबरेलासारखं स्निग्ध तेल नाही. पानं, फुलं, लाकूड किंवा मुळं मोठ्या भांड्यात भरतात आणि त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर वासाची द्रव्यं वर येतात. वाफ थंड केली की पाणी वेगळं होतं आणि तेल वेगळं. संत्र्या-लिंबाचं तेल मात्र बहुतेक वेळा साली दाबून काढतात. कागदावर थेंब टाकून ठेवला तर खोबरेलाचा डाग तसाच राहतो, पण संत्र्याचं किंवा निलगिरीचं शुद्ध तेल काही वेळाने जवळजवळ उडून जातं. वाळा, चंदन ही जड तेलं जास्त रेंगाळतात.

अत्तर आणि इसेन्शिअल ऑइल यांची गल्लत करू नका. कनौजला पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेत फुलं उकळतात आणि त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात, नेतात. त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं आणि फुलांचा वास त्यात मुरतो. हे झालं अत्तर. मोहम्मद अली रोडवरच्या दुकानांत कुपीतून मनगटावर लावून दाखवतात ती खरी अत्तरं असतील किंवा कृत्रिम सुवासाची मिश्रणंही असतील. अंगाला लावायला ती छान असतात, पण या लेखातली मापं त्यांना लागू होत नाहीत.

'ॲरोमाथेरपी', म्हणजे सुवासाचा उपचार, हा शब्द रूढ केला रने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ च्या सुमारास. सुवासाने मन निवतं हे मात्र आपल्याला त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं, नाहीतर माठात वाळ्याची जुडी कोण कशाला टाकेल?

खरेदी: तीन बाटल्यांनी सुरुवात

बारा बाटल्यांचा सेट घेऊ नका. त्यातल्या आठ कपाटात जुन्या होतात. मी नव्याने सुरुवात करणाऱ्याला तीनच सांगते: लॅव्हेंडर, संत्रं आणि निलगिरी. लॅव्हेंडर संध्याकाळसाठी, संत्रं मरगळ आली असताना आणि निलगिरी सर्दी व अंगदुखीसाठी. महिन्याभराने हवं तर वाळा घ्या. वाळ्याचं तेल दाट असतं, थेंब पटकन पडत नाही, पण लहानपणी मातीच्या माठातलं पाणी प्यायलेल्या नाकाला तो वास जो गारवा देतो, तो परदेशी फुलांत मला कधी सापडला नाही.

घेताना लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का ते बघा. लॅव्हेंडरला 'लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया' हवं. 'लॅव्हेंडिन' हा त्याचा स्वस्त संकर आहे. त्यात कापराचा उग्रपणा जास्त असतो आणि झोपेसाठी तो तितकासा मानवत नाही. आपल्याकडे जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहला, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून लॅव्हेंडरची शेती उभी राहिली आहे, त्यामुळे भारतीय माल मिळू लागला आहे. पुदिन्याच्या बाबतीतही नाव बघाच. 'मेंथा पिपरिटा' म्हणजे पेपरमिंट. नुसतं 'मिंट ऑइल' लिहिलेलं असेल तर ते बहुधा 'मेंथा आर्वेन्सिस', म्हणजे उत्तर प्रदेशात शेतांवर पिकणारा मेंथा. त्यात गार झोंबणारं मेंथॉल बरंच जास्त असतं आणि कातडीला ते जास्त झोंबतं. या मेंथा तेलाचे वायदे आपल्या मुंबईतल्या एमसीएक्स या वायदेबाजारात होतात, एवढा त्याचा व्यापार मोठा आहे.

बाटली गडद काचेची असावी. बॅच नंबर आणि तारीख हवी. 'फ्रॅग्रन्स ऑइल' किंवा 'परफ्यूम कंपाउंड' लिहिलेलं असेल तर ते खोलीला वास द्यायला ठीक, अंगाला नको. किमतीचा अंदाज बांधायला एक गोष्ट ध्यानात ठेवा: एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा लॅव्हेंडर, संत्रं, गुलाब आणि चंदन या सगळ्यांची किंमत एकच असेल, तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका.

मोगऱ्याचं खरं तेलही असंच महाग. मला मोगरा हवासा वाटतो तेव्हा मी दादरच्या फुलबाजारातून गजरा आणते आणि उशाशी ठेवते. त्यात मोजायचं काही नाही आणि धोकाही नाही.

प्रमाण: हा भाग घाईने वाचू नका

२० थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर. म्हणजे १० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २०० थेंब असतात. अंगाला लावायचं असेल तर इसेन्शिअल ऑइल नेहमी बेस ऑइलमध्ये, म्हणजे खोबरेल, तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात मिसळायचं. मोहरीचं तेल टाळा, ते स्वतःच कातडीला तापट असतं.

चेहऱ्यासाठी, वयस्कर माणसांसाठी आणि नाजूक त्वचेसाठी एक टक्का, म्हणजे ३० मिलिलिटर बेस ऑइलला ६ थेंब. मोठ्या माणसांच्या पाठीला, पायांना रोज लावायला दोन टक्के, म्हणजे ३० मिलिलिटरला १२ थेंब. १० मिलिलिटरच्या रोल-ऑनला, म्हणजे तोंडाशी फिरती गोळी असलेल्या बाटलीला, याच हिशोबाने २ ते ४ थेंब. गवती चहा, दालचिनी आणि लवंग ही झणझणीत तेलं आहेत, त्यांना हे माप चालत नाही. गवती चहा अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि दालचिनीच्या सालीचं तेल घरच्या घरी कातडीला लावूच नये असं माझं मत आहे.

रोल-ऑन पहिल्यांदा बनवताना असं करा:

१. बाटली धुऊन पूर्ण कोरडी करा. पावसाळ्यात दोन दिवस उपडी ठेवा, आत ओल राहिली तर तेल खराब होतं.

२. तीन-चतुर्थांश बाटली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलाने भरा. खोबरेल थंडीत गोठतं आणि बाटलीची गोळी अडकते.

३. २ थेंब लॅव्हेंडर टाका. जास्त पडलं तर बेस ऑइल वाढवा, 'चालेल' म्हणू नका.

४. उरलेलं बेस ऑइल भरून झाकण लावा आणि तळहातात हळू फिरवा.

५. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ ते ४८ तास थांबा. खाज, लाली, जळजळ काहीच नसेल तरच पुढे वापरा.

६. बाटलीवर तेलाचं नाव, थेंब आणि तारीख लिहून चिकटवा.

पाचवी पायरी सगळे गाळतात. माझ्या मावसबहिणीनेही गाळली होती.

कातडी जळजळली तर पाणी चोळत बसू नका, कारण ही तेलं पाण्यात मिसळत नाहीत. आधी त्या जागी भरपूर साधं खोबरेल लावून पुसून घ्या, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर मात्र डोळा भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

ही तेलं पाण्यात मिसळत नाहीत म्हणूनच अंघोळीच्या बादलीत थेट थेंब टाकायचे नाहीत. तेल वर तरंगतं आणि पहिल्या तांब्याबरोबर सगळं अंगावर येतं. दिवाळीत अभ्यंगस्नान करतो तसं करा: चमचाभर तिळाच्या तेलात २ थेंब मिसळून अंगाला लावा, दहा मिनिटं थांबा आणि मग अंघोळ करा. पाय घसरू नये म्हणून तळवे पुसून बाथरूममध्ये जा.

साली दाबून काढलेलं लिंबाचं आणि बर्गमॉट या लिंबाच्याच कुळातल्या फळाचं तेल लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या काही द्रव्यांमुळे ऊन लागताच कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लावलंच तर पुढचे बारा तास ती जागा झाकलेली ठेवा. गोड संत्र्याच्या तेलाला हा दोष नाही, म्हणून मी पहिल्या तिघांत संत्रं धरलं.

मनासाठी: एक वास, एक वेळ

नाकातून निघालेला संदेश मेंदूत फार आडवळणं घेत नाही. भीती आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी त्याचा जवळजवळ थेट संबंध आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात. या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं. आगोटीच्या पहिल्या सरीचा वास आला की क्षणात शाळेचं दप्तर का आठवतं, याचं उत्तर तिथे आहे.

याचा उपयोग आपण मुद्दाम करून घेऊ शकतो. एखादा वास रोज एकाच वेळी, एकाच शांत कृतीबरोबर घेतला, तर काही आठवड्यांनी नुसत्या वासानेही शरीर सैल पडू लागतं. माझी पद्धत सांगते. रात्री जेवण उरकलं, भांडी झाली की मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. मनगटावर लॅव्हेंडरचा रोल-ऑन फिरवते, खिडकीशी बसते, चार मोजत श्वास आत घेते आणि सहा मोजत सोडते. दहा मिनिटं. पहिले आठ-दहा दिवस काही वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस रोल-ऑन उघडला आणि मनगटाला लावायच्या आधीच खांदे खाली आले.

म्हणून झोपेचं तेल दिवसा वापरू नका. ऑफिसात ताण आला म्हणून तेच लॅव्हेंडर हुंगलं, तर त्या वासाशी ऑफिसही जोडलं जातं आणि रात्री ते सोबत घरी येतं. दिवसासाठी वेगळा वास ठेवा. माझा संत्र्याचा आहे.

लॅव्हेंडरवर अभ्यास पुष्कळ झाले आहेत. वास घेतल्याने चिंता थोडी कमी होते आणि झोप थोडी सुधारते असं अनेक छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. 'थोडी' हा शब्द मी जपून वापरते आहे. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेसाठी दिली जाते. ती औषध म्हणून मोजूनमापून तयार केलेली असते. ते वाचून कुणी बाटलीतले थेंब दुधात टाकून पिऊ नयेत.

लोकलसाठी रुमाल सगळ्यात सोपा. रुमालाच्या एका कोपऱ्यावर संत्र्याचा एक थेंब टाका, कोपरा आत दुमडा आणि एका छोट्या डबीत ठेवा. अंधेरीला गर्दी चढली, जीव गुदमरायला लागला की डबी उघडून नाकाजवळ धरायची आणि तीन लांब श्वास घ्यायचे. एकच थेंब, कारण आपल्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या बाईला दमा असू शकतो, अर्धशिशी असू शकते. डब्यात वास स्वतःच्या नाकापुरताच ठेवावा.

आणि हे मनापासून सांगते: दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, रडू आवरत नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी अवस्था असेल तर तेलाच्या भरवशावर राहू नका. सरकारच्या टेली-मानस या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मी स्वतः त्या झोप नसलेल्या महिन्यांत डॉक्टरांकडे गेले होते. लॅव्हेंडर त्या उपचारासोबत होतं, त्याच्याऐवजी नव्हतं.

डिफ्यूझर की पणती?

दुकानात सगळ्यात आधी डिफ्यूझर गळ्यात मारतात. पाण्याचा बारीक फवारा उडवणारं ते यंत्र कोरड्या हवेच्या गावात उपयोगी आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत आधीच इतकी ओल असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्यात आणखी बाष्प कशाला? शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत ते तासभर चाललं तर डोकं जड होतं. वापरायचंच असेल तर १०० मिलिलिटर पाण्याला ३ थेंब, वीस मिनिटं चालू, मग बंद, आणि खिडकी उघडी. दर आठवड्याला आतून पुसून कोरडं करा, नाहीतर वासाबरोबर बुरशीही उडेल.

मी पणती वापरते. धारावीच्या कुंभारवाड्यातून दिवाळीत आणलेल्या साध्या, न रंगवलेल्या पणत्या. कच्ची दिसणारी, लालसर, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागणारी. त्यात दोन थेंब टाकले की माती ते लगेच पिऊन घेते. कडेला आधी गडद वर्तुळ उमटतं, मग ते हळूहळू फिकट होत जातं आणि तेवढा वेळ खोलीत मंद वास राहतो. वीज नाही, पाणी नाही. प्रत्येक तेलाची पणती वेगळी ठेवा, कारण माती वास सोडत नाही. माझ्या पणत्यांच्या तळाला पेन्सिलीने 'ला', 'सं', 'वा' लिहिलेलं आहे. फक्त ही पणती पेटवायची नाही, आणि देवघरातल्या समईपासून लांब ठेवायची. ही तेलं पटकन पेट घेतात.

खोलीत अगरबत्ती, धूप आणि तेल एकदम नको. घरात कुणाला दमा असेल तर आधी त्यांना विचारा. त्यांना खोकला आला तर तो वास तुमच्या घरासाठी नाही.

शरीरासाठी

आईचे गुडघे हा माझा रोजचा वर्ग आहे. ती गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहते, चाळीला लिफ्ट नाही. शनिवारी गेले की वाटीत ३० मिलिलिटर तिळाचं तेल घेते आणि वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करते. बाहेर काढल्यावर मगच ३ थेंब निलगिरी आणि ३ थेंब लॅव्हेंडर टाकते, कारण तापत्या तेलात टाकलं तर अर्धा वास गॅसपाशीच उडून जातो. तिला सत्तरी ओलांडून गेलीय, म्हणून एक टक्क्याच्या वर मी जात नाही. वाटीत जे उरतं, ते बाटलीत भरून आठवडाभर चालतं.

मग मांडीपासून पोटरीपर्यंत तळहाताने लांब हात, गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठ्याने गोल, वाटीवर दाब नाही. प्रत्येक पायाला सात-आठ मिनिटं. तेवढ्या वेळात ती शेजाऱ्यांच्या सगळ्या बातम्या सांगते. "निलगिरीनं उतरलं हो," असं ती म्हणते. निलगिरीचा वाटा किती आणि चोळण्याचा किती, हे मी तिच्याशी वाद घालत नाही. माझ्या मते चोळण्याचा आणि कुणीतरी पायाशी बसण्याचा जास्त. गुडघा गरम लागत असेल, सुजला असेल किंवा पोटरी एकाच बाजूची दुखून टणक झाली असेल तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर गंधपुऱ्याचं (विंटरग्रीन) तेल लांब ठेवा. त्यात ॲस्पिरिनच्याच कुळातलं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते कातडीतून आत जातं.

डोकं ताणामुळे दुखत असेल तर पेपरमिंट खरोखर उपयोगी पडतं. जर्मनीतल्या चाचण्यांत १० टक्के पेपरमिंटचं द्रावण कपाळाला आणि कानशिलांना लावून गुण दिसला. घरी इतकं तीव्र करू नका. १० मिलिलिटर बेस ऑइलला ४ थेंब घ्या, कानशिलांवर लावा, डोळ्यांपासून दोन बोटं दूर. नंतर हात साबणाने धुवा, विशेषतः लेन्स लावत असाल तर.

सर्दीसाठी निलगिरीची वाफ घेतात. गॅस बंद करून पातेलं टेबलावर ठेवा, मांडीवर किंवा पलंगावर कधीच नको. एक थेंब पुरे, डोळे मिटलेले, पाच मिनिटं. मुलांना अशी वाफ देऊ नका. पातेलं कलंडून भाजण्याचा धोका सर्दीपेक्षा फार मोठा आहे. पुदिन्याने किंवा मेंथॉलने नाक मोकळं वाटतं, कारण मेंथॉल थंडी जाणवणाऱ्या नसांना चेतवतं. आतली सूज त्याने उतरत नाही. बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्या.

मुरुमांवर टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाचं ५ टक्क्यांचं जेल १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात तपासलं गेलं. नेहमीच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा गुण हळू आला, पण कातडी कमी कोरडी पडली. तयार जेल मिळतं, तेच घ्या.

डासांसाठी सिट्रोनेला, म्हणजे गवती चहाच्याच जातीच्या गवताचं तेल, लावून निर्धास्त होऊ नका. त्याचा वास पटकन उडतो आणि डास परत येतात. मुंबईत पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचे दिवस असतात. तिथे मच्छरदाणी, साचलेलं पाणी काढणं आणि डीट किंवा पिकारिडिन असलेलं क्रीमच हवं.

कोविडनंतर किंवा साध्या विषाणूच्या सर्दीनंतर ज्यांचा वास गेला, त्यांच्यासाठी या बाटल्यांचा सगळ्यात सुंदर उपयोग आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली नाकाची तालीम: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, निदान बारा आठवडे. चार छोट्या बरण्यांत कापसाच्या बोळ्यावर एकेक तेलाचे दोन-तीन थेंब टाका. एक बरणी नाकाजवळ धरून दहा-पंधरा सेकंद हळू हुंगा आणि तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करा, मग थोडं थांबून पुढची. माझ्या शेजारच्या काकूंना फोडणीचा वास येईनासा झाला होता आणि डाळ करपलेली कळायची नाही. त्यांनी गुलाबतेलाऐवजी साधं गुलाबाचं अत्तर वापरलं. नवव्या आठवड्यात लवंग 'काहीतरी तिखट' अशी जाणवली, तेव्हा त्यांनी मला दार वाजवून बोलावलं होतं. सगळ्यांचा वास परत येतो असं नाही, पण खर्च आणि धोका दोन्ही कमी आहेत.

कुठे अजिबात नको

बाळांपाशी. आपल्याकडे कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या झबल्याला बांधतात. माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा मी कापूर काढून ठेवला, तर आई दुखावली. "तुम्हा दोघांना मी त्यावरच वाढवलंय गं." तिच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण कापूर बाळाच्या तोंडात गेला तर झटके येऊ शकतात, आणि बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. निलगिरी आणि मेंथॉलही दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकातोंडाजवळ नको, त्याने श्वास अडकू शकतो. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी तेच सांगितलं, तेव्हा आईने पुरचुंडी स्वतःच्या हाताने सोडली.

ज्यांना फिट येते त्यांनी कापूर आणि निलगिरी टाळावी. गरोदरपणात, विशेषतः पहिले तीन महिने, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. घरात मांजर असेल तर टी ट्री आणू नका. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं निचरून टाकता येत नाहीत आणि अंग चाटताना ती पोटात जातात.

आणि कुणीही पिऊ नये. दातदुखीला लवंगेचं तेल लावायचं तर तेही कापसाला जेमतेम टेकवून, दातापुरतं, दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत. मुलाने बाटली तोंडाला लावली असेल तर उलटी करवू नका, कारण तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं. बाटली सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात जा.

साठवण

उष्णता, उजेड आणि हवा लागली की तेलं बदलतात. संत्रं, लिंबू, टी ट्री यांतली द्रव्यं हवेशी संयोग पावून त्वचेला ॲलर्जी देणारी होतात, म्हणजे काल मानवलेलं तेल आज पुरळ आणू शकतं. मुंबईच्या उकाड्यात हे लवकर घडतं. बाटल्या मुलांच्या हाताला न लागतील अशा, फ्रिजच्या दारात एका घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर लोण्यालाही लॅव्हेंडरचा वास लागतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. संत्रं-लिंबू वर्षभर, लॅव्हेंडर दोन वर्षं, वाळा त्याहून बराच जास्त टिकतो.

वर्ष उलटलेलं संत्र्याचं तेल अंगाला लावू नका, पण फेकूही नका. मसाल्याच्या बरण्यांवरचं लेबल काढल्यावर जो चिकट गोंद उरतो, त्यावर हातमोजे घालून दोन थेंब टाकून कापडाने घासा. गोंद सुटून येतो आणि स्वयंपाकघरात थोडा वेळ संत्रं सोलल्याचा वास राहतो.